टाकवणं

वाळूजला, शेडच्या मागच्या खोलीत
मी टायटॅनियमचे स्क्रू खरबरीत करते.
लेथवरून येतात तेव्हा आरशासारखे असतात,
ज्वारीचे तीन दाणे ओळीत ठेवावेत एवढे लांब.
आणि हाडाला आरसा आवडत नाही.
ते मधे पातळ पडदा ओढून घेतं,
परक्या माणसासमोर ओढावा तसा,
मग स्क्रू हलायला लागतो.

म्हणून आधी भुकटीचा मारा.
मग आम्लाची आंघोळ, घड्याळ लावून,
जरा जास्त झालं की अख्खी बॅच भंगारात.
मग धुणं. परत धुणं.
शेवटी पाण्याचा एक थेंब ठेवून बघायचा:
मण्यासारखा उभा राहिला तर नापास,
आडवा पसरला तर पास.
हात लावायचा नाही.
चार वर्षांत एकाही पास झालेल्या स्क्रूला
माझं बोट लागलेलं नाही.

माझा बाप, यल्लप्पा धोत्रे, जाती टाकवायचा.
बिडकीन, आडूळ, पाचोड;
सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत तीन टाक्या नि हातोडी.
काळा दगड फिरून फिरून गुळगुळीत झाला
की दाणा नुसता सरकतो, पीठ पडत नाही.
बा वरची तळी उलटी करायचा,
डोळे मिटून तळहात फिरवायचा
आणि हात जिथं घसरला तिथं टाकी.
घाव सोसून देवपण येतं, असं कुणी ऐकवलं की म्हणायचा,
देव घडवनारे येगळे.
म्या फकस्त दगडाला धरायला शिकवतो.

त्याची खालची दाढ गेली.
तंबाखूनं, डॉ. नुजहत म्हणाल्या.
कपची उडून लागली व्हती, बा म्हणाला.
दोघंही आपापल्या जागी ठाम.

एक नापास स्क्रू मी रुमालात बांधून घरी आणला, नियम मोडून.
बानं अंगठ्यावर घासला. 'गुळगुळीत हाय की गं.'
त्या अंगठ्याला काय कळणार,
रेघासुद्धा उरल्या नाहीत त्याला; आधारच्या मशीननं तीनदा परत पाठवला.
मग त्यानं तो जिभेवर ठेवला.
बराच वेळ.
'हां. टाकलंय. हात बारीक हाय तुजा.'
माझ्या पगाराच्या कागदावर हात हा शब्द कुठंच नाही.

तिसरा आठवडा नाजूक, बाई म्हणाल्या.
ज्या हाडानं आवळून धरलेलं असतं ते विरत जातं,
नवं अजून भरलेलं नसतं.
काहीच दुखत नाही त्या दिवसांत,
आणि स्क्रू सगळ्यात एकटा त्याच दिवसांत.
बाची चंची खुंटीला. भाकरी दुधात कालवलेली.
मी रात्री उठून बसायची:
ही बॅच माझ्या पाळीची की शेवंताच्या?
तो थेंब नीट पसरला होता का,
की सुट्टीची घाई होती म्हणून मला तसं दिसलं?

तीन महिन्यांनी बाईंनी हत्याराच्या दांड्यानं टकटक केलं.
ठण्.
बानं, तोंड तसंच उघडं ठेवून, हात वर केला.
पुन्हा.
दगड घेण्याआधी तो असाच वाजवून बघायचा,
आत चीर असली तर आवाज बसका येतो.
बाईंनी पुन्हा वाजवलं.
त्यानं डोळे मिटले.
कापसाच्या बोळ्यातून काहीतरी बोलला,
ते त्यांना कळलं नाही, मलाही नाही.

बसथांब्यावर मात्र विचारलं,
'मारता ती वाळू कुठली? गोदावरीची?'
वाळू नसते बा ती. पांढरी भुकटी. पोत्यातून येते, बाहेरून.
'गंगंची न्हाई?'
न्हाई.
तो गाल आतून जिभेनं चाचपत राहिला.
'तरी धरलं म्हन की.'